उसना उजेड

मनुष्याच्या संसारात मतभेदास वाव देणारे प्रसंग पुष्कळ येतात. वडिलोपार्जित घराची वाटणी, मुलीच्या लग्नातील याद्या, गणेशोत्सवाची वर्गणी आणि सोसायटीच्या चिटणीसाची निवड ही त्यांतली काही ठळक उदाहरणे होत. परंतु या सर्व प्रसंगी ज्या वस्तूविषयी वाद चाललेला असतो, ती वस्तू वादी-प्रतिवादींना निदान डोळ्यांनी दिसत तरी असते. ज्या खोलीत सूर्याचा उजेड पुरेसा पोचत नाही, त्या खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्यावा, हा मात्र असा एकमेव प्रश्न आहे, की ज्यात वादाचा विषय कोणालाच धड दिसत नाही आणि म्हणूनच प्रत्येकाला आपले मत अत्यंत स्पष्ट दिसत असते. दक्षिणेला दोन खिडक्या असलेल्या दिवाणखान्याचा रंग घरातली मंडळी चहाचा पेला संपण्याच्या आत मुक्रर करून मोकळी होतात. कारण तिथे भर दुपारी कोणताही रंग आपली कैफियत स्वतःच मांडतो, त्याला वकिलाची गरज पडत नाही. अंधाऱ्या खोलीतला रंग मुका असतो. त्यामुळे त्याचे वकीलपत्र घेऊन उभे राहणाऱ्यांची गर्दी होते, आणि उजेड जितका कमी तितका युक्तिवाद लांब, हा जो नियम न्यायालयांपासून साहित्य संमेलनांपर्यंत सर्वत्र आढळतो, त्याचे प्रत्यंतर दहा बाय बाराच्या खोलीतही येते.

ही अंधारी खोली आपल्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली आहे. पुण्याच्या जुन्या वाड्यांत चौकातून उतरणारा उजेड पडवीत आणि ओटीवर मानाने बसे, माजघराच्या उंबऱ्याशी येता येता त्याचा दम संपे, आणि कोठीची खोली व बाळंतिणीची खोली या दोन ठिकाणी तर त्याने पिढ्यान् पिढ्या पाऊल टाकले नाही. हातभर जाडीच्या भिंती, उन्हाचा ताप, चोराचे भय आणि परक्याची दृष्ट या चारही कारणांनी खिडकी लहान ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि त्याविषयी कोणाची फिर्याद नव्हती. पुढे वाडे पडले आणि त्यांच्या जागी इमारती उठल्या; परंतु जागेची हद्द तीच राहिली. पेठेतल्या जागा रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. सबब वास्तुशास्त्राची पदवी घेतलेल्या गृहस्थाने नकाशा काढला काय आणि न घेतलेल्याने काढला काय, पुढच्या खोलीला रस्ता, मागच्या खोलीला परसू आणि मधल्या खोलीला नशीब, ही वाटणी बदलली नाही. फरक इतकाच झाला, की ज्या जागी आजी दुपारची लवंडत असे त्या जागेला कागदोपत्री 'बेडरूम' म्हणू लागले, आणि तिच्या दर चौरस फुटाचा भाव पुढच्या खोलीइतकाच आकारू लागले.

मुंबईकरांनी तर या विषयावर सरकारदरबारी पुष्कळ कागद रंगवून ठेवले आहेत. १८९६ साली तिथे प्लेग आला तेव्हा बिनखिडकीच्या खोल्यांकडे साहेबाचे लक्ष गेले. चाळींवर चुन्याचे हात फिरले, आत ऊन यावे म्हणून कित्येक छपरांची कौले उतरवण्यात आली आणि काही घरांवर, ती मनुष्यवस्तीस नालायक असल्याची इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि कालांतराने त्या ट्रस्टच्या मुखत्यारांनी उजेडासाठी ६३½ अंशांचा एक दंडक काढला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. म्हणजे समोर चाळीस फूट उंचीची चाळ असेल, तर मध्ये वीस फुटांचे आकाश मोकळे सोडले पाहिजे. आकाशाचा हक्क त्रिकोणमितीने मोजून देणारा हा हुकूम आम्हांला फार आवडतो. त्याचा दाखला घेऊन आम्ही आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत चिरंजीवांच्या कंपासपेटीतील कोनमापक डोळ्याशी धरून उभे राहिलो असता, समोरच्या इमारतीतल्या बाईंनी आपल्या स्वयंपाकघराचा पडदा ताडकन ओढून घेतला, आणि कोनाचे मापन त्याच ठिकाणी बरखास्त झाले. मापनाची तशी आवश्यकताही नव्हती. कारण दोन इमारतींमधला बोळ इतका बेताचा आहे, की समोरच्यांच्या आमटीला फोडणी लसणाची की हिंगाची, हे आमच्याकडे खिडकी बंद असतानाही समजते.

आमच्या वाडवडिलांपुढे रंगाचा प्रश्न मुळी उभाच राहत नसे. दसऱ्याच्या आधी भट्टीवरून कळीचा चुना आणावा, पिंपात विरवावा, त्याचे खदखदणे थांबून तो निवला की फडक्यातून गाळावा, भिंत धरून राहावी म्हणून त्यात थोडा डिंक आणि पिवळेपणा मारण्यासाठी थोडी नीळ घालावी, आणि काथ्याच्या कुंचल्याने त्याचे दोन हात ओढावेत, की कार्यभाग आटोपला. हा चुना ओला असताना भिंत अशी गढूळ दिसे, की नवख्या माणसाला फसवणुकीचा संशय यावा. परंतु वाळता वाळता हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच्या जातीचा होई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला टेकलेल्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याच्या शुभ्रतेचे प्रमाणपत्र उमटलेले असे. फारच हौस असली तर चुन्यात पिवडी घालीत, कडेने काव किंवा हिरमिजीचा पट्टा ओढीत. नीळ घालणाऱ्याचा हात सैल सुटला तर खोली निळी होई, आणि मग ती निळीच हवी होती असे घरातला कर्ता पुरुष जाहीर करी. निवड नसल्यामुळे निवडीचे खापर कोणाच्या माथी फुटत नसे. शिवाय चुलीचा धूर वर्षभरात त्या रंगाचा निकाल लावून टाकी, त्यामुळे कोणत्याही रंगाची मुदत एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंतच असे. आता डब्यावर पाच वर्षांची, सात वर्षांची, दहा वर्षांची हमी छापलेली असते. रंग दहा वर्षे टिकेल, हे वाक्य दुकानदार ज्या अभिमानाने उच्चारतो, त्या अभिमानाने न्यायाधीश शिक्षेची मुदतही वाचून दाखवीत नसतील.

मध्यमवर्गाच्या घरात निवडीचा हा उपद्रव शिरला तो डिस्टेंपरच्या डब्याबरोबर. १९४२ साली मुंबईत चार तरुणांनी रंगाचा एक लहानसा धंदा सुरू केला, त्याची पुढे एशियन पेंट्स ही मोठी कंपनी झाली; आणि १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्या कंपनीसाठी केसांची झुलपे कपाळावर आलेला, हाती रंग गळणारा कुंचला घेतलेला गट्टू नावाचा व्रात्य पोरगा काढला. त्या पोराच्या चेहऱ्यावरचे हसू आम्हांला लहानपणी निरागस वाटत असे. शेड-कार्ड नावाचे प्रकरण घरी आल्यानंतर ते तसे वाटेनासे झाले. या कार्डावर टपालाच्या तिकिटाएवढे शेकडो चौकोन असतात, त्यांना पहाट, पराग, वाळवंट, धुके अशा अर्थाची इंग्रजी नावे असतात, आणि ते चौकोन दुकानाच्या लखलखीत दिव्याखाली, रस्त्याकडे तोंड करून, मोकळ्या हवेत पाहायचे असतात. म्हणजे ज्या रंगाला पुढे आयुष्यभर अंधारकोठडी भोगायची आहे, त्याची निवड त्याच्या उमेदीच्या दिवसांत, उत्तम प्रकाशात आणि सुंदर टोपणनावाखाली होते.

आमच्या घरात मधल्या खोलीच्या प्रश्नावर यथावकाश तीन पक्ष निर्माण झाले. पहिला पक्ष पांढऱ्याचा. त्याचे नेतृत्व आमच्या आत्याबाईंकडे होते, आणि त्यांचे म्हणणे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवावर आधारलेले असल्यामुळे थोडक्यात होते : "अरे, पांढरा दे. दिवा न लावता पोथी वाचता येईल." हे मत इतके सर्वमान्य आहे, की त्याची तपासणी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. रंगांचे कारखाने प्रत्येक छटेची उजेड परतवण्याची शक्ती शून्य ते शंभर या मापाने मोजतात. उत्तम पांढऱ्याचा आकडा ८५च्या आसपास जातो, आणि काळा ५च्या आसपास घुटमळतो. तेव्हा पांढरा रंग श्रेष्ठ, हे निर्विवाद. परंतु हे प्रमाण शेकड्याचे आहे, आणि शेकडा कशाचा, हा प्रश्न पांढरा पक्ष कधी विचारीत नाही. दुष्काळी गावावर शेकडा पंच्याऐंशी वसुली करणारा कर्तबगार मामलेदार नेमला, म्हणून सरकारी खजिना भरत नाही. कारण मुळात पीकच नसते. खिडकीतून येणारा उजेडच जिथे पसाभर, तिथे पांढरी भिंत प्रामाणिकपणे पसाभराचे पंच्याऐंशी टक्के परत करते, आणि स्वतः मात्र राखेच्या रंगाची दिसू लागते. पांढरा रंग अत्यंत सत्यवादी असल्यामुळे छतालगतच्या कोपऱ्यातली सावली, ओलीचा डाग, जुन्या खिळ्याचे भोक आणि पंख्यामागची धूळ या सर्वांची तो बारकाईने नोंद ठेवतो. गर्द रंगाच्या खोलीत कोपरे कुठे संपतात ते कळत नाही. पांढऱ्या खोलीत ते कळल्यावाचून राहत नाही, आणि कळल्याने कोणाचेही भले होत नाही.

दुसरा पक्ष पिवळ्याचा. त्याच्या अध्यक्षस्थानी गृहस्वामिनी असल्यामुळे तो अल्पसंख्य असूनही सत्ताधारी होता. पिवळ्याने खोलीत ऊन आल्यासारखे वाटेल, असा त्या पक्षाचा सिद्धान्त. आणि तो अगदीच निराधार नव्हे, कारण ऊन न येणाऱ्या खोलीतला उजेड बहुधा थंड, निळसर असतो, आणि थोड्या उबदार रंगाने त्याची काहीशी भरपाई होते. मात्र इथे शेड-कार्ड दगा देते. चार भिंती समोरासमोर उभ्या असल्या, की प्रत्येक भिंत आपला रंग दुसरीवर टाकते, दुसरी तो तिसरीवर लोटते, आणि या देवघेवीत तो रंग दर फेरीला अधिकाधिक गडद होत जातो. म्हणून कार्डावरचा जो चौकोन फिक्या लिंबाच्या सालीइतका सोज्ज्वळ वाटतो, तोच चारही भिंतींवर चढला की आत बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून पाहुणे काविळीची चौकशी करू लागतात. "अहो, मग दोन घरे फिका घ्यायचा," असा त्यावर उपाय सुचवण्यात आला. परंतु दोन घरे फिका म्हणजे जवळजवळ पांढरा, आणि पांढऱ्याशी तडजोड करण्यास सत्ताधारी पक्षाची तयारी नव्हती.

तिसरा पक्ष आमच्या थोरल्या चिरंजीवांचा. त्यांनी एक आधुनिक तत्त्व मांडले, की खोली अंधारी आहे हे आधी मोकळ्या मनाने मान्य करावे, आणि तिला मोरपिशी, गर्द हिरवा किंवा किरमिजी असा रंग देऊन अंधाराचे सौंदर्य खुलवावे. आपल्या बाजूने त्यांनी साक्षीदार आणला तो थेट जपानहून. जुनइचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने १९३३च्या सुमारास छायेच्या स्तुतीपर एक निबंध लिहिला. जपानी घरातल्या मंद, शिळ्या, भिंतीवर जेमतेम विसावणाऱ्या उजेडाचे, आणि त्या उजेडातच खुलणाऱ्या लाखकामाच्या भांड्यांचे त्यात मोठे रसाळ वर्णन आहे. तो निबंध ऐकून आमच्या आत्याबाईदेखील क्षणभर विरघळल्या. परंतु त्याच लेखकाविषयी त्याच्या पत्नीने सांगितलेली एक हकीकत चिरंजीवांनी दडवून ठेवली होती, ती आम्ही दप्तरात दाखल केली. तानिझाकीने पुढे नवे घर बांधायचे ठरवले तेव्हा वास्तुतज्ज्ञ मोठ्या उत्साहाने म्हणाला, की मी तुमचा निबंध वाचला आहे, तुम्हांला कसे घर हवे ते मला नेमके ठाऊक आहे. त्यावर ग्रंथकर्त्याने घाईघाईने खुलासा केला, की तसल्या घरात मला मुळीच राहता येणार नाही. अंधाराची स्तुती करावी, पण ती ज्याच्या घरात स्वच्छ उजेड आहे त्याने, हे साहित्याचे व्यवहारशास्त्र जपानातही मान्य असल्याचे पाहून आम्हांला समाधान वाटले. किरमिजी रंगाविरुद्ध तर विज्ञानाचाही पुरावा निघाला. यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे निदर्शनास आणले, की उजेड मंदावू लागला म्हणजे मनुष्याच्या डोळ्याला तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसतात, आणि निळे-हिरवे त्यांच्या मागून. तेव्हा भर दुपारी तिन्हीसांजा असलेल्या आमच्या खोलीत किरमिजी रंगावर खर्च करणे म्हणजे काळा रंग किरमिजीच्या भावाने विकत घेणे होय.

हे सर्व चालू असताना घरात एकच मनुष्य गप्प होता, आणि तो म्हणजे रंगारी. तो भिंतीचे पोपडे खरवडीत होता, भेगांत लांबी भरीत होता, पॉलिश पेपराने घाशीत होता, आणि कोणी मत विचारलेच तर "आधी भिंत तर होऊ द्या" एवढेच म्हणत होता. चकचकीत ऑइल पेंट लावला तर उजेड जास्त परतेल, ही आमची सूचना त्याने एका वाक्यात निकालात काढली. कारण चकाकणाऱ्या भिंतीवर दिव्याचा एकच पांढरा ठिपका उठतो, खोली उजळत नाही, आणि एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात त्या भिंतीचे उंचवटे मात्र सर्वांच्या नजरेस पडतात. त्याने आमच्या शहाबादी फरशीकडेही बोट दाखवले. खिडकीतून येणारा उजेड सर्वांत आधी जमिनीवर पडतो, आणि ती जमीनच काळसर असल्यावर भिंतीपर्यंत पोचायला उरते काय, असा त्याचा बिनतोड सवाल होता. शेवटी तिन्ही पक्षांच्या दडपणाखाली त्याने भिंतीवर नमुन्याचे पट्टे ओढून दिले, आणि ते ओढता ओढता आपले सर्व शास्त्र आम्हांला दान केले : "साहेब, ओल्या रंगावर बोलायचं नाही, वाळू द्यायचा. आणि वाळल्यावर बत्ती लावून बघा. या खोलीत दिवसाबी बत्तीच जळणार."

या उपदेशात किती अर्थ भरला होता ते आम्हांला त्याच संध्याकाळी उमगले. पिवळसर दिव्याचा प्रकाश २७०० केल्विनच्या जातीचा, आणि आपल्या घरोघरीच्या पांढऱ्या ट्यूबचा ६५००च्या जातीचा. पहिल्यात निळसर रंग मळतो आणि दुसऱ्यात बदामी रंगाला प्रेतकळा येते. जो पट्टा सकाळी सत्ताधारी पक्षाला पसंत पडला होता तो ट्यूब लागताच त्या पक्षाने नाकारला, आणि विरोधी पक्षाने तेवढ्याच तत्परतेने उचलून धरला. त्यातच पट्टे एकमेकांना चिकटून ओढलेले असल्यामुळे आणखी घोटाळा झाला. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगणीच्या खात्यावर १८२४ साली मिशेल शेव्रल नावाचा रसायनज्ञ नेमला गेला, तेव्हा त्याच्यापुढे एक तक्रार अशी आली, की कारखान्याच्या काळ्या सुताला जोर नाही. त्याने तपास केला तो सुतात काहीच खोट निघेना. खोट होती ती शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताची, ज्याच्या संगतीत काळा रंग फिका दिसे. या शोधावर त्याने १८३९ साली भला थोरला ग्रंथ लिहिला, आणि रंगांच्या भांडणात आयुष्य घालवूनही तो १०२ वर्षे जगला; यावरून ही भांडणे प्रकृतीस अपायकारक नसावीत असा दिलासा मिळतो. तात्पर्य, आमचे पट्टे परस्परांची बदनामी करीत होते, आणि कोणत्याही एका पट्ट्याचा स्वतंत्र जबाब घेणे अशक्य झाले होते.

पट्टे भिंतीवर असताना घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मत वसूल करण्याची प्रथाही आपोआप पडली. दूधवाल्याने हिरव्याला कौल दिला, कारण त्याच्या मेव्हण्याने हिरवा दिला होता. आमच्या एका व्याह्यांनी बराच वेळ निरीक्षण करून, खिडकीसमोर मोठा आरसा लावावा म्हणजे उजेड दुप्पट होईल, असे सांगितले. आरसा उजेड फिरवतो, उत्पन्न करीत नाही, हे त्यांना समजावून सांगण्याचे धैर्य आम्हांला मुलाकडचे असूनही झाले नाही. धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी मात्र, "कोणताबी द्या, जळमटं झाडायची मलाच हायेत," अशी एकमेव निःपक्षपाती साक्ष नोंदवली.

अशा रीतीने मामला रेंगाळत असता एके दिवशी सकाळी मधल्या खोलीतले सर्व पट्टे एकाच वेळी बदलले. पांढरा गुलाबी झाला, पिवळा नारिंगी झाला, मोरपिशी मळखाऊ झाला, आणि छतालाही लाली चढली. प्रत्येक पक्षाला दुसऱ्याने रात्री कारस्थान केल्याचा संशय आला. रंगाऱ्याने मात्र शांतपणे खिडकीबाहेर मान वळवली. बोळात बांबूंची परांची बांधलेली होती, आणि समोरच्या इमारतीच्या आमच्याकडच्या भिंतीवर विटकरी रंगाचा पहिला हात चढत होता. त्या क्षणी सारा उलगडा झाला. आमच्या मधल्या खोलीत सूर्य कधीच येत नाही. येते ती समोरच्या इमारतीची भिंत. आकाशातले ऊन तिच्यावर पडते, ती त्यातला स्वतःच्या पसंतीचा भाग राखून उरलेला आमच्या खिडकीतून आत पाठवते, आणि त्या उसन्या उजेडाला आम्ही नेमाने दिवस म्हणत आलो होतो. म्हणजे आमच्या खोलीचा रंग आम्ही ठरवायचा नव्हताच. समोरच्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने तो बहुमताने आधीच मंजूर केला होता, आणि त्या सभेचे आम्हांला निमंत्रणसुद्धा नव्हते.

हे सत्य नवे नाही. लंडनच्या दाट वस्तीतल्या इमारतींमध्ये उजेडासाठी जी अरुंद चौकोनी विहीरवजा जागा सोडीत, तिच्या भिंतींना व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून पांढऱ्या चकचकीत विटा लावण्याचा प्रघात होता, तो याचसाठी. अंधाऱ्या खोलीला रंग द्यायचा तो तिच्या आतून नव्हे, तर तिच्या समोर. आतल्या चार भिंतींवर ओतलेले चार डबे जे साधत नाहीत, ते समोरच्या एका भिंतीवरचा एक पांढरा हात साधतो. फक्त ती भिंत दुसऱ्याच्या मालकीची असते, एवढीच काय ती अडचण. या शोधाने आमचे तिन्ही पक्ष एका दिवसात विलीन झाले, कारण भांडण्यासाठी एकत्र येण्याजोगा परका प्रतिपक्ष मिळाला की घरातली एकी किती दृढ होते, हे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या कोणत्याही वाचकास ठाऊक आहेच.

आम्ही तातडीने समोरच्या सोसायटीच्या चिटणीसांच्या नावे अर्ज रुजू केला. आपल्या भिंतीचा विटकरी रंग आमच्या खोलीत बेकायदा प्रवेश करीत असून त्यामुळे आमच्या वहिवाटीच्या उजेडास बाध येत आहे, सबब उर्वरित काम पांढऱ्या रंगात करण्याची तजवीज व्हावी, अशी त्यात नम्र विनंती होती. उत्तर उलट टपाली आले, आणि ते वाचून आमच्या लेखणीतली शाई वाळली. त्यांच्याकडेही एक मधली खोली होती. तीही अंधारी होती. तिच्या रंगावरून त्यांच्याकडेही तीन पक्ष पडले होते. आणि तिच्या खिडकीसमोर जी भिंत होती, ती म्हणजे आमच्या इमारतीची बोळाकडची बाजू. तिला बांधल्या दिवसापासून सिमेंटच्या गिलाव्याखेरीज काही लागलेले नसून तिच्यावर पावसाळ्यागणिक शेवाळाचे नवे पुट चढते, याचा त्यांनी फोटोसह पंचनामा जोडला होता. आमच्या भिंतीमुळे त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या चेहऱ्यावर कायम हिरवी छटा असते आणि डॉक्टर विनाकारण रक्ततपासण्या लिहून देतात, अशी शेवटची पुरवणीही होती.

दोन्ही बाजूंचे तक्रारदार एकाच दुःखाचे धनी निघाल्यावर तह होण्यास वेळ लागला नाही. दोन्ही सोसायट्यांच्या संयुक्त सभेत तहनामा ठरला, तो असा : बोळातली त्यांची भिंत आमच्या खर्चाने आणि आमची भिंत त्यांच्या खर्चाने रंगवली जाईल, परांची एकच बांधून ती आलटून पालटून वापरण्यात येईल, बोळात कोणीही कुंड्या, वाळवणे अथवा निळ्या ताडपत्र्या लावणार नाही, आणि कोणत्याही पक्षाने समोरच्या भिंतीवर यापुढे एकतर्फी रंगबदल केल्यास तो तहाचा भंग समजला जाईल. शेजाऱ्याच्या घराला स्वतःच्या पैशाने रंग देण्याचा हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होताना पाहून, मनुष्याचा स्वार्थ योग्य कोनात ठेवला तर तो परोपकारासारखाच उजेड पाडतो, अशी आमची खात्री पटली.

राहता राहिला एकच तपशील, आणि त्यासाठी सध्या सर्व काम तहकूब आहे. पांढरा, एवढे सर्वांना मान्य आहे. परंतु रंगाऱ्याने जेव्हा पांढऱ्यांचे वेगळे शेड-कार्ड उघडून पुढे ठेवले, तेव्हा निळसर पांढरा, पिवळसर पांढरा, मोतिया पांढरा आणि नुसता पांढरा अशा चार उमेदवारांवरून दोन्ही सोसायट्यांत मिळून सहा पक्ष उभे राहिले. निर्णयासाठी उपसमिती नेमण्यात आली. रंगाचा परिणाम जिथे व्हायचा तिथेच तो पारखला पाहिजे, सबब उपसमितीची बैठक अंधाऱ्या खोलीतच भरली पाहिजे, यावर एकमत आहे; मात्र ती कोणाच्या, यावर नाही. जी खोली कालपर्यंत दोन्ही घरे पाहुण्यांना दाखवण्याचे टाळीत होती, तीच अधिक अंधारी असल्याचा दावा आता दोन्ही घरे भर दुपारी साक्षीदार आत नेऊन, दार लावून घेऊन आणि ट्यूब बंद करून मोठ्या अभिमानाने शाबीत करीत आहेत. आणि आमच्या आत्याबाईंनी तर काल, पोथीचे एक अक्षर दिसत नाही हे समोरच्या चिटणीसांना पटवण्यासाठी, तोंडपाठ असलेला अध्यायसुद्धा अडखळत वाचून दाखवला.